चुकांवरून ओळखायचं पोथीचं कूळ

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चौदाव्या शतकातली एक ग्रीक हस्तलिखित पोथी आहे, चार शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांची. संशोधकांच्या यादीत तिचा क्रमांक १०९. त्यांतल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूची वंशावळ येते: हा त्याचा पुत्र, तो आणखी कोणाचा, असं मागे मागे जात ‘आदाम देवाचा’ इथे ती संपते. लेखनिकासमोरच्या प्रतीत ही नावं दोन रकान्यांत होती, प्रत्येकी सुमारे २८ ओळींच्या. पहिला रकाना खालपर्यंत वाचून मग दुसऱ्याकडे वळायचं, तर हा गृहस्थ सरळ आडवा वाचत गेला. जवळजवळ प्रत्येकाच्या माथी भलताच बाप आला. देव ठरला अरामाचा पुत्र आणि मानवजातीचा मूळपुरुष झाला पेरेस!

हसू येतंच. पण या घोटाळ्यामुळेच आज हाती नसलेल्या त्या मूळ प्रतीचं पान कसं मांडलेलं होतं, हे आपल्याला सांगता येतं. लेखनिक हुशार असता, तर हा पुरावा बुडाला असता.

नव्या कराराची, म्हणजे शुभवर्तमानं ज्यात येतात त्या बायबलच्या दुसऱ्या भागाची, पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं नोंदली गेली आहेत आणि त्यांतली बहुतेक मध्ययुगातली आहेत. नवव्या शतकापासून मोठ्या सुट्या अक्षरांऐवजी लहान, जोडून लिहायची लिपी रूढ झाली. हात भरभर चाले, महागडं चर्मपत्रही कमी लागे. या लिपीतली सालाची नोंद असलेली सर्वांत जुनी ग्रीक पोथी ८३५ सालची, ती सेंट पीटर्सबर्गला आहे.

इतक्या प्रतींत कोणती कोणावरून उतरवली, हे ठरवायचं कसं? बरोबर मजकुरावरून काही कळत नाही, तो सगळीकडे सारखाच असणार. जुळलेल्या चुका पाहायच्या. त्यातही सगळ्या चुका कामाच्या नाहीत. मध्ययुगीन ग्रीकमध्ये बऱ्याच स्वरांचा उच्चार ‘ई’ होऊन बसला होता. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘इमीस’. तिथे गोंधळ कुणाचाही होईल. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर घसरते आणि मधला मजकूर गळतो, हेही कुठेही घडू शकतं. दोघांना स्वतंत्रपणे सुचणं जवळपास अशक्य, असा फरक सापडला तर मात्र नातं पक्कं.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्यू फेरार यांना १८६८ च्या सुमारास असंच घबाड सापडलं. पॅरिस, लेस्टर, व्हिएन्ना आणि मिलान अशा चार ठिकाणच्या चार पोथ्यांचे पाठभेद, म्हणजे इतर प्रतींहून वेगळे पडणारे शब्द नि वाक्यं, एकमेकांशी जुळत होते. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची गोष्ट एरवी योहानाच्या शुभवर्तमानात येते, या पोथ्यांत ती लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. म्हणजे चौघींचा पूर्वज एकच. पुढे या कुळात आणखी पोथ्या आल्या. जीवशास्त्रज्ञ प्रजातींचा वंशवृक्ष मांडतात, तेव्हा हाच तर्क लावतात: सामाईक जुनेपणाला किंमत नाही, सामाईक नव्या बदलाला आहे.

पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेली, आवृत्ती (१९१९ ते १९६६) सिद्ध झाली, तिच्यामागेही हेच शास्त्र. बर्लिनला शिकून आलेल्या वि. सी. सुखटणकरांना या कामात जी अडचण आली, तीच ग्रीक पोथ्यांतही छळते. लेखनिक कधी दोन प्रती समोर ठेवून एकीवरून दुसरी दुरुस्त करतो, म्हणजे एका पोथीला दोन घराण्यांचं रक्त येतं आणि वंशवृक्षाचं जाळं होतं. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधन संस्थेत आता हे जाळं संगणकावर सोडवतात. तिथे प्रश्न पोथीला नव्हे, तर एकेका पाठभेदाला विचारला जातो: कोणत्या पाठातून कोणता निघाला असावा?

पोथीच्या वयावर जाऊन मात्र चालत नाही. ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरच्या महान लाव्रा मठातली १७३९ क्रमांकाची पोथी एफ्राइम नावाच्या भिक्षूने दहाव्या शतकात लिहिली. नव्या करारातली प्रेषितांची कृत्यं आणि पत्रं एवढाच मजकूर, पण समासात जुन्या धर्मपंडितांच्या मतांची टिपणं आहेत आणि त्यांत बेसिलनंतरच्या कुणाचंही नाव नाही. बेसिल हा चौथ्या शतकातला धर्मपंडित. तेव्हा एफ्राइमने समोर ठेवलेली प्रत, किंवा तिची पूर्वज, चौथ्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. मजकुराच्या बाबतीत एफ्राइमची ही पोथी तिच्याहून वयाने थोर असलेल्या कित्येक पोथ्यांना मागे टाकते.