काट्याआधीचा घाम : वजन उतरवण्याची सवय तालमीत आली कुठून?

यात्रेच्या कुस्तीला वजनकाटा नसतो. कुंडलच्या मैदानात किंवा पुसेगावच्या यात्रेत जोड लागते ती नजरेनं. जाणती माणसं दोन्ही पोरांची अंगकाठी बघतात, आधीच्या कुस्त्या आठवतात आणि हाताला हात लावून देतात. तिथं पैलवानाला वजन हवंच असतं, म्हणून तर दूध, तूप, बदामाची थंडाई. उपाशी राहून अंग हलकं करायला या मातीत काही कारणच नव्हतं.

ते कारण वजनगटांनी आणलं. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीचा एकच खुला गट होता, 1904 मध्ये सात गट झाले. कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलोत खेळले, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी 57 किलोत कांस्य जिंकलं. आपल्या सातारा जिल्ह्याचं हे पदक वरच्या गटात जाऊन आलेलं आहे. खालच्या गटात उतरायला निघालेल्या प्रत्येक पोराला मी हे आधी सांगतो.

पुढे मातीऐवजी मॅट आली आणि तिच्याबरोबर एक पळवाटही आली. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वर्षानुवर्षं वजनं आदल्या दिवशी घेतली जात. संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी काढायचं, काट्यावरून उतरलं की रात्रभर प्यायचं, खायचं आणि सकाळी वरच्या गटाचं अंग घेऊन खालच्या गटात लढायचं. रबरी सूट, सौनाची तापलेली खोली, थुंकणं, हे सगळं त्या एका रात्रीच्या भरवशावर चालायचं.

तो भरवसा किती महाग पडतो हे अमेरिकेत 1997 च्या अखेरीस दिसलं. महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले. तिघेही घाम न सुकू देणारे सूट घालून गरम जागेत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सौना बंद झाले, वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली गेली आणि हंगामाआधी लघवी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायची पद्धत आली. 2018 पासून जागतिक संघटनेनंही स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळीच वजन सुरू केलं. प्यायला मिळणारी रात्र गेली.

पॅरिसमध्ये 2024 ला काय घडलं ते गावागावांत माहीत आहे. विनेश फोगाट पहिल्या दिवशी 50 किलोत बसल्या, तीन कुस्त्या जिंकल्या. रात्रभर धावणं, सौना, शेवटी केसही कापले, तरी 7 ऑगस्टच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी हातची गेली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलोच्या वर उतरवून 57 किलोत कांस्य आणलं. आमची पोरं नाव अमनचं घेतात. त्याच्या भोवती रात्रभर जागणारे प्रशिक्षक होते, हे कुणी बघत नाही.

एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली, मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत. गावोगावच्या पोरापोरींना गटाचा आकडा तोंडपाठ झाला. गेल्या उन्हाळ्यात कराडला प्रीतिसंगमाजवळ एक पोरगा दोन स्वेटरवर रेनकोट घालून पळताना पाहिला. ओठ पांढरे पडलेले, हातात रिकामी बाटली, त्यात थुंकत होता. विचारलं तर म्हणाला, "चारशे ग्रॅम राहिलंय, काका." नियम बदलून वर्षं झाली, सवय जुनीच राहिली.

घामानं गेलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी, चरबी नव्हे. अंगाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दम कमी पडू लागतो. त्यापुढे रक्त घट्ट होतं, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो, घाम थांबला तर अंग तापतच जातं. लघवी वाढवणारी गोळी घेऊन पाणी काढणं तर उत्तेजकविरोधी नियमांतही बंद आहे.

गट ठरवायचा तो दोन-तीन महिने आधी. आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे साठ किलोच्या पोराचा तीनशे ते सहाशे ग्रॅम, एवढाच उतार धरायचा. तूप-साखर कमी करायची. दूध, डाळ, अंडी मात्र कमी करायची नाहीत. दर रविवारी त्याच काट्यावर, त्याच वेळी, उपाशीपोटी वजन वहीत लिहायचं. शेवटच्या आठवड्यात दोन किलोहून जास्त राहिलं असेल, तर फॉर्मवर वरचा गट लिहायचा. वाढत्या वयाच्या पोरांचं वजन मुळीच उतरवायचं नाही, आईबाप कितीही म्हणोत.