पार्श्वभूमी: एजंटने काढलेले शॉर्ट्स आणि यूट्यूबचा जुलै २०२५ चा कमाईचा नियम

जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली. जुलैमध्ये इथे इन्स्टाग्रामच्या रील्स सुरू झाल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे छोटे व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट्स. पायथॉन भाषेतल्या छोट्या प्रोग्रामने मजकूर उचलायचा, संगणकी आवाजाने तो वाचायचा आणि एफएफएमपेग या व्हिडिओ जोडणाऱ्या साधनाने फुटेजवर चिकटवायचा, हा उद्योग तेव्हाही चालायचा. पण क्रम माणसाने आखलेला असे.

२०२३ मध्ये हे बदललं. मार्चच्या अखेरीस एजंट, म्हणजे पुढची पायरी स्वतः ठरवणारे एआय प्रोग्राम, यांचे मुक्तस्रोत प्रयोग आले आणि जूनपासून मजकूर लिहिणाऱ्या एआय मॉडेलला बाहेरची साधनं रीतसर वापरता येऊ लागली. संहिता लिही, आवाज काढ, लांबी मोज, ६० सेकंदांच्या वर गेली तर दोन वाक्यं छाटून पुन्हा आवाज काढ, हे सगळं एकाच आज्ञेवर होऊ लागलं. मोजून मागे फिरणारी ही फेरी नसेल तर त्याला एजंट म्हणण्यात अर्थ नाही. त्या नावाने विकलं जाणारं बरंच काही आजही ठरलेल्या पायऱ्यांची साखळीच आहे.

मराठीत अडचण वेगळीच निघाली. ४५ सेकंदांना साधारण ९० ते १०० शब्द पुरतात, पण ‘कि.मी.’ किंवा ‘रु.’ संगणकी आवाज कसाही वाचतो, म्हणून संहितेत आकडे आणि संक्षेप अक्षरी लिहून घ्यावे लागतात. सबटायटल काढताना व्हिस्पर या बोलणं लिहून काढणाऱ्या मॉडेलला भाषा सांगितली नाही, तर मराठीला तो अनेकदा हिंदी समजतो. सर्वात वाईट दिसतं ते पडद्यावर. अक्षरजुळणीची सोय नसलेल्या साधनाने मजकूर काढला की ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि ‘स्’चा पाय मोडलेला दिसतो. एजंटला ही चूक कळत नाही, कारण तो फाइल तयार झाली एवढंच तपासतो. उपाय सोपा आहे: सबटायटल एएसएस या प्रकारच्या फाइलमधून, हार्फबझ (अक्षरजुळणी करणारा भाग) असलेल्या लिबअॅस या सबटायटल छापणाऱ्या साधनाने छापायची आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट नावानिशी द्यायचा.

१ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींतला वाटा मिळू लागला. त्यासाठी १,००० सदस्य आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू ही एक वाट होती, म्हणून सगळा भर संख्येवर गेला. यूट्यूबच्या एपीआयचा, म्हणजे प्रोग्रामने व्हिडिओ चढवण्याच्या सोयीचा, रोजचा कोटा १०,००० एकक आणि एका अपलोडला बराच काळ १,६०० लागत, त्यामुळे सातवा व्हिडिओ अडायचा. शिवाय २८ जुलै २०२० नंतर काढलेल्या आणि यूट्यूबची तपासणी न झालेल्या एपीआय प्रकल्पातून चढवलेला व्हिडिओ खासगीच राहतो. एजंट ‘अपलोड यशस्वी’ नोंदवतो आणि चॅनल मात्र रिकामं दिसतं. ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जाऊ लागला, पण पात्रता आणि पैसे जुन्याच मोजणीवर राहिले. व्ह्यू पाहून विषय निवडणारे एजंट इथे फसले.

अशात १५ जुलै २०२५ ला यूट्यूबच्या कमाईच्या नियमातलं ‘पुनरावृत्ती’ हे नाव जाऊन ‘अस्सल नसलेली सामग्री’ हे आलं. आधीच्या दोन आठवड्यांत ‘एआयच्या व्हिडिओंची कमाई बंद’ अशी आवई उठली होती. कंपनीचा खुलासा असा की नियम जुनाच आहे, एआयला मनाई नाही, एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या व्हिडिओंना आहे. खुलासा खरा आहे, पण अपुरा. साचा किती सारखा असला तर चालत नाही, याची मोजपट्टी कुठेच नाही. त्यात निकाल एकेका व्हिडिओचा नसून अख्ख्या चॅनलचा लागतो, त्यामुळे कष्टाने केलेलं कामही घाऊक मालाबरोबर जातं. हे अन्याय्य आहे. अपील २१ दिवसांत करावं लागतं.

तपासणारा सगळं पाहत नाही. चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले, सर्वात नवे आणि पाहण्याच्या वेळेत मोठा वाटा असलेले व्हिडिओ, शीर्षकं आणि वर्णनं यांवर मुख्यतः नजर फिरते. ‘तुम्हाला माहीत आहे का’ने सुरू होणारे, एकच आवाज आणि तेच विकतचं फुटेज असलेले वीस व्हिडिओ ओळीने दिसले, की एजंट किती हुशार होता याला किंमत राहत नाही. चॅनल टिकवायचं तर विषयाची निवड, तथ्यांची पडताळणी आणि संहितेतलं स्वतःचं म्हणणं माणसाकडे ठेवून कापणी, सबटायटल आणि अपलोड एजंटकडे द्यावं. संख्या घटते, पण दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

लेबलचा प्रश्न नंतरचा. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दृश्यांची घोषणा यूट्यूबवर मार्च २०२४ मध्ये आली, पण एपीआयमध्ये त्याचा रकाना ऑक्टोबरच्या अखेरीस मिळाला. भारत सरकारच्या आयटी नियमांच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात पडद्याचा १० टक्के भाग लेबलसाठी मागितला होता. २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमांत ती टक्केवारी नाही, लेबल मात्र सक्तीचं आहे आणि मोठ्या मंचांनी चढवणाऱ्याकडून घोषणा घ्यायची आहे. त्यामुळे हा रकाना एजंटच्या अंदाजावर सोडता येत नाही. खऱ्यासारखं कृत्रिम दृश्य असेल तिथे साखळीतच तो ‘हो’ करून ठेवावा लागतो.