मैदान सोडलं तो करार: इटलीतल्या कॅथलिक तरुणांच्या व्यायामाची पार्श्वभूमी

व्हॅटिकनच्या आवारात पोरं कवायती करतायत आणि पोप स्वतः बसून बघतायत, हे दृश्य १९०५ च्या ऑक्टोबरातलं आहे. १९०८ ला ते परत झालं, तेव्हा तर बाहेरच्या देशांतूनही टीम आल्या. पुढचं सगळं समजायला हे दृश्य डोळ्यासमोर हवं, कारण याच चर्चने २६ वर्षांनी, १९३१ ला, मुसोलिनीच्या फॅसिस्ट सरकारशी करार करून आपल्या पोरांना खेळापासून लांब ठेवायचं लेखी मान्य केलं.

१८७० ला नव्या इटली राष्ट्राने रोम पोपच्या हातून घेतलं, आणि तेव्हापासून पोप स्वतःला व्हॅटिकनमधले कैदी समजत होते. त्या काळात इटलीत जिम्नॅस्टिक्स म्हणजे नव्या राष्ट्राचं काम होतं, सैनिक तयार करायचं, आणि ती मंडळी बहुतेक चर्चविरोधी. त्यांची राष्ट्रीय फेडरेशन धर्माचं लेबल असलेल्या क्लबांना आत घ्यायला तयार नव्हती, म्हणून १९०६ ला कॅथलिकांनी स्वतःचं फेडरेशन काढलं. फ्रान्समध्ये हे १८९८ लाच झालं होतं, पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या वस्तीतल्या मुलांसाठी, एका डॉक्टरच्या पुढाकाराने.

पण नुसते वेगळे क्लब हवे होते एवढंच नव्हतं. क्लबात एक फादर असायचाच, रविवारी आधी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आणि मग पॅरलल बार. पोरगा सतरा-अठराचा, दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी दारूच्या दुकानासमोरून घरी जाणारा, त्याला नुसतं प्रवचन देऊन काही होत नाही, त्याला वेळेवर यायची सवय लावा, पडला तर उठायची सवय लावा, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायला शिकवा, म्हणजे मोहाच्या वेळी तीच सवय कामाला येईल, असा तो विचार. ट्यूरिनच्या एका फादरने १८७७ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुलांना मनसोक्त उड्या मारू द्या, पळू द्या, दंगा करू द्या, शिस्तीसाठी ते चांगलंच आहे. आणि मुळात आस्केसिस हा ग्रीक शब्द पैलवान-धावपटूंच्या सरावाचाच, संन्याशांच्या तपाला तो नंतर लागला. आपल्याकडे तालमीत गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

प्रोटेस्टंटांशी स्पर्धा होतीच. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल ज्यांच्या हॉलमध्ये जन्मले त्या वायएमसीए या प्रोटेस्टंट तरुणांच्या संघटनेपासून सावध रहा, असं पत्र १९२० च्या नोव्हेंबरात रोमहून जगभरच्या बिशपांना गेलं. त्याच साली त्याच संघटनेने मद्रासला व्यायामशिक्षणाचं कॉलेज सुरू केलं.

आता मुख्य भाग. १९२६ च्या एप्रिलमध्ये फॅसिस्ट सरकारने ८ ते १८ वयाच्या मुलांसाठी स्वतःची संघटना काढली, व्यायाम, कवायत, युनिफॉर्म सगळं तिच्याकडे. १९२७ च्या सुरुवातीला कॅथलिक स्काउटांवर लहान गावांमध्ये बंदी आली, आणि त्याच वर्षी कॅथलिक क्रीडा फेडरेशनने स्वतःच स्वतःला विसर्जित केलं. म्हणजे कुणी कुलूप लावायच्या आधी आपणच लावलं. १९२९ ला चर्च आणि सरकारचा समझोता झाला, वाटलं निभावलं. पण १९३१ च्या मे महिन्यात सरकारने कॅथलिक तरुण मंडळांची ऑफिसं बंद करायला सुरुवात केली. पोपनी २९ जून तारखेचं कडक पत्र काढलं, थेट इटालियनमध्ये, आणि ते इटलीत दाबलं जाईल म्हणून एका अमेरिकन फादरने पॅरिसला पोचवलं. आणि मग दोन महिन्यांत, २ सप्टेंबरला, तडजोड. तरुण मंडळं राहतील, पण कुठल्याही प्रकारची ॲथलेटिक किंवा खेळाची ॲक्टिव्हिटी करणार नाहीत, फक्त धार्मिक हेतूने शिकवणं आणि रिक्रिएशन, म्हणजे मन रमवणं.

हा रिक्रिएशन शब्दच सगळा गुंता आहे. कारण पॅरिशच्या ज्या आवारात पोरं जमायची त्याला कित्येक ठिकाणी नावच रिक्रिएतोरिओ होतं. मग दहा पोरं बॉलमागे पळाली तर ते रिक्रिएशन की खेळ? दोन टीम केल्या तर? स्कोअर लिहिला तर? करारात याचं उत्तर नाही, म्हणजे उत्तर स्थानिक पोलीस आणि पार्टीवाल्यांच्या मर्जीवर.

बरेच जण या कराराला चर्चची हुशारी म्हणतात, संघटना तर वाचली ना. मला ते पटत नाही. तीस वर्षं तुम्ही सांगत होतात की व्यायाम हा बाहेरचा मसाला नाही, तोच घडवण्याचा भाग आहे, आणि सही करताना तो काढून ठेवता येतो असं ठरलं. आणि सही झाली तेव्हा गादीवर कोण होतं, तर तरुणपणी, १८८९ ला, आल्प्समधल्या मोंते रोझा पर्वताचा पूर्वेकडचा भयंकर कडा चढून गेलेला गिर्यारोहक फादर, जो आता पोप झाला होता. शरीराला राबवल्यावर मनाचं काय होतं हे त्या माणसाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. जर्मनीत कॅथलिक खेळाडूंची संघटना, १९२० ला वुर्झबर्गला स्थापन झालेली, हिने स्वतःला विसर्जित केलं नाही, चर्च आणि हिटलरच्या सरकारमधल्या १९३३ च्या कराराच्या भरवशावर राहिली. १९३४ ला तिच्या राष्ट्रीय नेत्याला नाझींनी मारलं आणि १९३५ ला बंदी आली. त्यामुळे इटलीतल्यांना भित्रे म्हणणं माझ्याच्याने होत नाही.

आणि शिकवण काही पूर्ण मेली नाही. १९३८ ला टूर द फ्रान्स जिंकणारा फ्लॉरेन्सजवळचा सायकलपटू त्याच कॅथलिक तरुण मंडळांतला होता.

१९४४ ला, युद्ध चालू असतानाच, इटलीत कॅथलिकांची नवीन क्रीडा संघटना उभी राहिली. १९२७ ला पंधरा वर्षांचा असलेला पोरगा तोवर बत्तीसचा झाला होता. १९४५ च्या मे महिन्यात, इटलीतलं युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता, तेव्हा नवे पोप खेळाडूंशी बोलले, आणि १९५२ ला त्यांनी जास्त नीट मांडलं की खेळ हे साधन आहे, साध्य नाही. २००४ ला व्हॅटिकनमध्ये खेळासाठी वेगळं डेस्क झालं, २००७ पासून रोमच्या सेमिनारियनांची, म्हणजे फादर व्हायला शिकणाऱ्यांची, फुटबॉल स्पर्धा, २०१८ ला खेळावर सविस्तर डॉक्युमेंट.

आपल्याशी धागा आहे तो मधूनमधून दिसतो. गोव्यात फुटबॉल १८८३ च्या सुमारास शिवोलीला एका आयरिश फादरने आणला असं सांगतात, म्हणजे इटलीच्या फेडरेशनच्या वीसेक वर्षं आधी. आणि २०१३ ला व्हॅटिकनने क्रिकेट टीम काढली तेव्हा तीत रोमला शिकायला गेलेले भारतीय सेमिनारियन होते. २०१४ ला ती टीम इंग्लंडमधल्या कँटरबरीला जाऊन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पाद्र्यांशी खेळली आणि हरली.