४४६ बाइटांची पाटी

काकाजींचा जुना डेस्कटॉप. त्यात विंडोज, शेजारी पोराने टाकून दिलेले उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम, आणि कापसाच्या चुकाऱ्याचा तीन हंगामांचा हिशेब त्याच उबुंटूत. व्हायरसने वैतागून त्यांनी तालुक्याच्या एका दुकानातून विंडोज नव्याने टाकून आणले. घरी येऊन बटण दाबले, तर दोन्ही नावे दाखवणारी ती काळी यादी आलीच नाही. सरळ विंडोज.

"काहून जी, गेला का सारा हिसाब?"

गेला नव्हता. बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम चालवतो. जुन्या मशीनमध्ये तो म्हणजे बायोस. विंडोज काय, उबुंटू काय, त्याला काही ठाऊक नसते. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलतो, शेवटच्या २ बाइटांत ठरलेली खूण आहे ना एवढे पाहतो आणि कारभार त्या तुकड्याकडे सोपवून मोकळा होतो. या ५१२ मधले २ त्या खुणेला आणि ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांच्या, नोंदींना जातात. उरतात ४४६. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, सहसा ३ बाइट खाते. म्हणजे ही जागा १४८ चिन्हांची, मराठीची दोन-तीन वाक्ये. एवढ्यात अख्खी सिस्टिम कशी उठणार? म्हणून तिथला कोड फक्त पुढच्या, मोठ्या कोडला हाक मारतो. उबुंटूत हे काम ग्रब नावाचा बूटलोडर करतो, आणि ती काळी यादी त्याचीच.

नव्याने टाकताना विंडोजने त्या जागेत स्वतःचा कोड लिहिला. फाट्यावरची पाटी पुसून दुसऱ्या गावाचे नाव रंगवावे, तसे. आपले गाव आत तीन किलोमीटरवर जिथल्या तिथेच असते. (दुकानात पूर्ण डिस्कच फॉरमॅट केली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.)

उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू केले. डिस्कवरचे उबुंटूचे पार्टिशन माउंट केले, म्हणजे वापरासाठी उघडले, चालू सिस्टिमचे डेव्ह, प्रोक आणि सिस हे फोल्डर त्याला जोडून दिले आणि 'सीएचरूट' हा हुकूम दिला. यापुढचे हुकूम पेनड्राइव्हवरच्या नव्हे, डिस्कवरच्या उबुंटूत चालतात. मग 'ग्रब-इन्स्टॉल', ग्रबची पाटी परत रंगवणारा हुकूम. इथे बरेच जण चुकतात: नाव अख्ख्या डिस्कचे द्यायचे, एसडीए; तिच्यातल्या एका पार्टिशनचे, एसडीए५, नव्हे, कारण पाटी डिस्कच्या तोंडाशी असते. शेवटी 'अपडेट-ग्रब', यादी नव्याने तयार करणारा हुकूम. २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिमचा शोध आपणहून घेत नाही, तो सेटिंगमधून चालू करावा लागतो. नाहीतर उबुंटू परत येते आणि यादीतून विंडोज गायब!

नव्या, बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या मशीनमध्ये हे ४४६ बाइटांचे प्रकरणच नाही. तिथे एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये प्रत्येक सिस्टिमची बूट फाइल वेगळी असते आणि आधी कोण, हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत. बहुतेकदा तो क्रमच बदललेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन उबुंटूला वर घेतले की झाले.

काकाजींकडे यूपीएस नाही. मधे एकदा लाइन गेली, पेनड्राइव्हवरून सगळे पहिल्यापासून करावे लागले. दुसऱ्या खेपेला यादी आली. काकाजींनी बाणाची कळ उगीच दोनदा खाली-वर केली, मग एंटर दाबले. पहिली फाइल उघडली ती मागच्या हंगामाची, आणि त्यात अठरा क्विंटलचे पैसे अजून येणेच होते.