‘तान्हाजी’तलं काय दंतकथेचं आणि काय पटकथेचं

पुरंदरचा तह 1665 चा, त्यात कोंढाणा मोगलांकडे गेला, 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी तो परत घेतला आणि तिथेच ते पडले. हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो पुढे. 2020 च्या ‘तान्हाजी’ चित्रपटात बखरीत नसलेलं काही दिसलं, की ते दिग्दर्शकाने घुसडलं असं ठोकून दिलं जातं. हे चूक आहे. लोकपरंपरेतून आलेली गोष्ट वेगळी आणि पटकथेसाठी रचलेली वेगळी.

ताडून पाहायचं तर आधी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडावी. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने ती जिंजीला लिहिली, लढाईनंतर पंचवीसएक वर्षांनी. त्यात घोरपड नाही. निवडक मावळे वानरासारखे कडा चढतात, वरून माळ म्हणजे दोराची शिडी लावतात आणि तानाजींसह तीनशे माणूस गडावर येतो. तानाजींचा मुलगा रायबा याचं लग्नही त्यात नाही. घोरपड आणि लग्न दोन्ही तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घरोघरी पोचली. ती चित्रपटाच्या माथी मारू नयेत.

उलट जो प्रसंग हमखास ‘फिल्मी’ ठरवला जातो, तोच सर्वांत जुना आहे. तानाजी एका हाताने लढतात तो. सभासद सांगतो की तानाजींची ढाल तुटली, वेळेवर दुसरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान याचे वार त्यावर झेलले. दोघेही ठार झाले. मग तानाजींचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरून गड घेतला. पागेला लावलेल्या आगीचा उजेड राजगडावरून दिसला. माझ्या मते एवढ्या चार ओळी कोणत्याही पटकथेपेक्षा सरस आहेत. चित्रपटाने फक्त हात तुटलेला दाखवून त्या ताणल्या.

‘नागीण’ तोफ मात्र निखळ पटकथा. कोंढाण्यावरून राजगड उडवायचा बेत दाखवलाय. दोन गडांमधलं अंतर सरळ रेषेत सुमारे 15 किलोमीटर आहे. त्या काळच्या तोफेचा उपयोगी मारा एक-दोन किलोमीटरचा. म्हणजे कथेचा सगळा धोकाच लटका पडतो, आणि हा बदल मला सर्वांत जास्त खटकतो. बखरीला असल्या धोक्याची गरज पडत नाही.

‘गड आला पण सिंह गेला’ हे महाराजांचे शब्द म्हणून छापणं आता थांबवावं. सभासदात ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. शिवाय कोंढाण्याला सिंहगड हे नाव या लढाईनंतर पडलं असंही नाही; ते महाराजांच्या 1663 च्या पत्रातच येतं.

उरली उदेभानाने पळवलेली राजपूत स्त्री. ती बखरीतली नाही आणि या चित्रपटाने नव्याने शोधलेलीही नाही. तिची पूर्वज हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीतली कमलकुमारी.