मुंबई शहर उत्तर (लोकसभा मतदारसंघ)

मुंबई शहर उत्तर हा १९५२ ते १९६७ या काळात अस्तित्वात असलेला लोकसभा मतदारसंघ होय. आजच्या मुंबई उत्तर मतदारसंघाशी त्याची गल्लत करू नये. त्या नावाच्या जागेवरून १९७७ मध्ये मृणाल गोरे निवडून आल्या, तोवर हा जुना मतदारसंघ बंद होऊन दहा वर्षे उलटली होती. शिवाय, पहिल्या निवडणुकीतील शहर उत्तर आणि त्यानंतरच्या दोन निवडणुकांतील शहर उत्तर यांचे नाव एक असले, तरी त्यांची हद्द आणि मतदार सारखे नव्हते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव असून परळ, लालबाग, दादर असा गिरणगावाचा मोठा भाग त्यात मोडत असे. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. उमेदवाराचे चिन्ह लावलेल्या पेटीत मतपत्रिका टाकायची असे. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या, तर त्यांतील एक बाद होई. या तांत्रिक बाबीमुळेच १९५२ चा येथील निकाल अजूनही चर्चिला जातो.

जानेवारी १९५२ मध्ये झालेल्या या लढतीत राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि काँग्रेसतर्फे नारायण सदोबा काजरोळकर उभे होते. सर्वसाधारण जागेसाठी काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे हे प्रमुख उमेदवार होते. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली, म्हणजे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष १४,५६१ मतांनी पराभूत झाले. आंबेडकर आणि मेहता यांनी या निकालाला आव्हान दिले. दुसरे मत आंबेडकरांना न देता ‘कुजवा’, असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा त्यांचा आरोप होता, आणि ७४,३३३ मते बाद ठरल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. बाद मतांचा हा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपटीहून मोठा आहे, त्यामुळे ही तक्रार केवळ पराभवाची सल म्हणून बाजूला सारता येत नाही. याचिका मात्र फेटाळली गेली. आंबेडकर त्याच वर्षी राज्यसभेवर गेले.

१९५७ च्या फेररचनेत गिरणगावाची द्विसदस्य जागा ‘मुंबई शहर मध्य’ या नावाने वेगळी झाली. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाच्या लाटेत तेथून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने लोकसभेत गेले. शहर उत्तर हे नाव उपनगरांकडील एकसदस्य मतदारसंघाला मिळाले. तेथे काँग्रेसने व्ही. के. कृष्ण मेनन यांना उभे केले. मूळचे केरळचे असलेल्या मेनन यांनी त्याच जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीर प्रश्नावर केलेल्या प्रदीर्घ भाषणामुळे त्यांचे नाव देशभर झाले होते. आंदोलन चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर असतानाही त्यांनी पीटर अल्वारिस यांचा पराभव केला.

१९६२ मध्ये संरक्षणमंत्री मेनन यांच्यासमोर आचार्य जे. बी. कृपलानी उभे राहिले. चीनविषयक धोरण हा कृपलानींच्या प्रचारातील मुख्य मुद्दा होता, तर गोवा मुक्त होऊन जेमतेम दोन महिने झाले असल्याने त्याचे श्रेय मेनन यांच्या पदरात पडत होते. मेनन १ लाख ४५ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. चीनच्या आक्रमणानंतर त्याच वर्षाअखेरीस त्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

१९६७ च्या निवडणुकीपूर्वी या मतदारसंघाच्या जागी ईशान्य मुंबई आणि वायव्य मुंबई हे मतदारसंघ आले. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्याने मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि काँग्रेसचे स. गो. बर्वे यांच्याकडून सुमारे १३ हजार मतांनी हरले. नव्याने स्थापन झालेल्या शिवसेनेने बर्वे यांना पाठिंबा दिला होता. बर्वे यांचे लगेचच निधन झाले, आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना पराभूत केले.