कड्यावरचं टाकं

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. मे महिन्यात माथ्यावरचं गवत वाळून पिवळं पडतं, कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. तेव्हासुद्धा त्या गुहेत कमरेएवढं पाणी असतं. मधोमध शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. पाण्यात उतरलं की मिनिटाभरात पिंडऱ्या बधिर होतात. गडाची उंची १,४२४ मीटर. गुहेच्या वर शिल्लक राहतो तो थोडासा डोंगरमाथा; नद्या-ओढे सगळे खाली दरीत. मग हे पाणी इथे आलं कुठून, आणि पाऊस जाऊन आठ महिने उलटले तरी टिकलं कसं?

शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांपाशी हाच प्रश्न पडतो, सिंहगडावर देवटाक्याचं पाणी पिताना पडतो. उत्तर अर्धं दगडात आहे आणि अर्धं तो दगड ओळखणाऱ्या माणसांच्या हातांत.

दगड आधी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. त्याने उंच शंकू रचले नाहीत. तो पातळ होता, भेगांतून उसळून दूरवर पसरत गेला. एक थर निवला, मध्ये काही काळ गेला, मग त्यावर दुसरा. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ती घटते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवरच लाव्हा संपला. भूशास्त्रज्ञ या सगळ्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द मूळ स्वीडिश, अर्थ जिना किंवा पायऱ्या. सह्याद्रीकडे लांबून पाहिलं की नाव पटतं: उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. आपल्या गडांची रचनाही याच जिन्यावर बसलेली आहे. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या म्हणजे या जिन्याची एक रुंद पायरी, आणि बालेकिल्ला ही तिच्या वरची. किल्ला बांधणाऱ्यांनी पायरीच्या कडेने तट घातला. कडा निसर्गाने आधीच तासून ठेवला होता.

पाण्याचं गुपित मात्र एकेका थराच्या आत आहे. लाव्हात वायू विरघळलेले असतात. थर निवताना ते बुडबुडे होऊन वर चढतात आणि पृष्ठभागाजवळ अडकतात, म्हणून थराचा वरचा भाग जाळीदार होतो. पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक भरत जातात. घाटातल्या पायवाटेवर खडकात जे पांढरे-हिरवे ठिपके दिसतात, ते हेच. थराच्या पोटातला भाग मात्र सावकाश निवतो आणि घट्ट होतो. हा खरा काळा पाषाण. निवताना तो आकसतो, म्हणून त्याला उभ्या चिरा पडतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा हातभर-दोन हात जाडीचा विटकरी रंगाचा पट्टा असतो. खालचा थर उघडा पडलेला असताना त्याची झीज होऊन माती झाली, तिच्यातलं लोह गंजलं, आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने ती विटेसारखी भाजली. या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ रेड बोल म्हणतात. घाटरस्त्यावर डोंगर कापलेला असला की काळ्या भिंतीत हा तांबडा पट्टा लांबूनही ओळखू येतो.

आता पावसाचं पाणी या जिन्यावर कसं वागतं ते पाहा. काळ्या पाषाणाच्या कणाकणांत ते शिरत नाही, शिरतं ते चिरांतून. चिरेचिरेने खाली जाताना त्याला तांबडा पट्टा आडवा येतो. त्यातली चिकणमाती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी पट्ट्याच्या वर आडवं सरकतं, आणि कड्यात जिथे तो पट्टा उघडा पडतो तिथे पाझरतं. गडावरचे जिवंत झरे बरेचदा अशा सांध्यांवर असतात. पुढच्या वेळी कड्याला लागून वाट असेल तर लक्ष ठेवा. तांबड्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला खडक ओलसर असतो आणि तिथे नेचे आणि शेवाळ उगवलेलं असतं.

पण झऱ्यावर सगळं भागत नाही. त्यासाठी टाकं.

टाकं म्हणजे अखंड खडकात खोदलेला हौद. ते शिवकाळाच्या पुष्कळ आधीचं आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात तो दानाची नोंद करतो: हे लेणं कोरवलं आणि ‘इमा च पोढियो’, या पोढ्याही. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेखांतही हा शब्द येतो, पुष्कळदा लेण्याच्या जोडीनेच. मला या नोंदींचं फार अप्रूप वाटतं. धर्मासाठी दान द्यायचं तर भिक्षूंना राहायला जागा आणि प्यायला पाणी, दोन्ही एका ओळीत. ‘लेण’ हा शब्द आपल्याकडे ‘लेणं’ होऊन जिवंत राहिला. ‘पोढी’ मात्र हरवली आणि तिच्या जागी ‘टाकं’ आलं. कान्हेरीला पावसाळ्यात गेलात तर कातळाच्या उतारावर बोटभर खोल चर कोरलेले दिसतील. उतारावरून धावणारं पाणी या चरांनी टाक्यांच्या तोंडाशी नेलेलं आहे. नाणेघाटातही वाटेच्या कडेलाच टाकी आहेत. कोकणातून ओझं घेऊन चढलेल्या तांड्याला घाटमाथ्यावर पहिली गरज तीच असणार.

खोदण्याची जागा निवडणं हे खरं कौशल्य. पोटातला घट्ट पाषाण पाणी धरतो, पण तिथेही मोठी चीर मध्ये आली तर सगळी मेहनत वाया. रायगडावरचा हत्ती तलाव याचा साक्षीदार आहे. गंगासागर भरलेला असायचा आणि हा तलाव पावसाळा सरला की कोरडा पडायचा, कारण त्याला गळती होती. ती बुजवण्याचं काम अलीकडच्या काळात हाती घेतलं गेलं. आणि उलट, एखादी बारीक चीर वरून पाणी आणणारी असेल तर तेच टाकं जिवंत ठरतं. कोणती चीर पाणी देईल आणि कोणती नेईल हे ज्या पाथरवटांना कळत होतं, त्यांनी भूशास्त्राचं एकही पुस्तक पाहिलं नव्हतं.

थोडा हिशेब करू, म्हणजे या कामाचा आवाका कळेल. समजा एक टाकं ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. त्यात ७२ हजार लिटर पाणी मावतं. ते खोदताना साधारण २०० टन दगड निघतो. हा दगड फेकून दिला जात नसे. गडावर टाकं आणि तट यांचं काम जोडीने चालायचं, एकाची खाण ती दुसऱ्याचा माल. घाटमाथ्यावर वर्षाला ३ मीटर, म्हणजे ३,००० मिलिमीटर, पाऊस सहज होतो. महाबळेश्वरला तर याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे उघड्या तोंडाचं हे टाकं नुसतं आपल्या तोंडावर पडलेल्या पावसाने काठोकाठ भरू शकतं. मला तरी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

आता खर्च. गडावर १०० माणसं आहेत आणि प्यायला-रांधायला माणशी रोज ६ लिटर धरले, तर रोजचे ६०० लिटर. टाकं १२० दिवस पुरेल. पाऊस सरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत साधारण २४० दिवस काढायचे असतात, तेव्हा अशी दोन टाकी हवीत. पण ऊनही पाणी पितं. २४ चौरस मीटर उघड्या पाण्यावरून रोज ५ मिलिमीटर जरी उडालं, तरी ते १२० लिटर झाले, म्हणजे २० माणसांचं रोजचं पाणी. आठ महिन्यांत टाक्याचा पाच भागांतला दोन भाग असाच हवेत जातो.

म्हणून खांबटाकी. वरून पाहिलं तर लहानसं तोंड, आत वाकून पाहिलं तर कातळाच्या छताखाली पसरलेलं पाणी आणि छताला आधार म्हणून खडकातच राखलेले खांब. असं टाकं खोदणं फार अवघड. उघडं टाकं वरून खाली खोदत जाता येतं. इथे अंधारात, आडवं, छत सांभाळत काम करायचं. पण फायदा तितकाच मोठा. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, पाणी उडत नाही. उजेड नसल्याने शेवाळही फारसं धरत नाही. आणि काही मीटर खोल खडकाचं तापमान दिवसरात्रीबरोबर बदलत नाही, वर्षाच्या सरासरीजवळ स्थिर राहतं. त्याला टेकलेलं पाणीही तसंच राहतं. केदारेश्वराच्या गुहेत पाय गारठतात ते यामुळेच.

गड राखणाऱ्यांना हे सगळं किती नेमकं ठाऊक होतं, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यात अमात्य सांगतात की आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत. पुढचा इशारा आणखी बारकाईचा आहे. झरा आहे, पाणी पुरतं आहे, म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. तेव्हा दोन-चार टाकी साठ्याची म्हणून वेगळी राखावीत आणि त्यातलं पाणी एरवी खर्चू नये. वेढा दारूगोळ्यावर जितका चालतो तितकाच पाण्यावर चालतो. नाशिकजवळचा रामसेज काही अवघड उंचीचा किल्ला नाही, तरी १६८२ साली मुघलांनी वेढा घातला तो वर्षानुवर्षं चालला. रामसेजचा माथा पाहून या, टाकी मोजून या.

शब्दाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पाथरवटाच्या छिन्नीला मराठीत टाकी म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, यातली टाकी तीच. संस्कृतात छिन्नीला ‘टंक’ म्हणत. १७ व्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या इंग्रजांनी इथल्या हौद-तलावांना टँक म्हणायला सुरुवात केली. इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ मराठीतल्या ‘टाके’ आणि गुजरातीतल्या त्याच्या भावंडाकडे दाखवतात, आणि पोर्तुगीज ‘तांक’ या शब्दाचाही त्यात हात असावा असं म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी नव्या चिलखती गाडीचं काम गुप्त राहावं म्हणून तिला पाण्याची टाकी म्हणून खपवलं, आणि रणगाड्याला टँक हे नाव कायमचं चिकटलं.

त्याच शब्दाचं एक रूप दर उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी येतं: टँकर. इगतपुरी, मोखाडा, शहापूर हे तुफान पावसाचे तालुके. शहापुरात भातसा आणि तानसा धरणं आहेत, मुंबईचं पाणी तिथून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात. कारण तोच दगड. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग या लाव्हावर वसलेला आहे, आणि पाणी साठवायला त्यात चिरा आणि झिजलेला मुरूम एवढीच जागा. घाटात उतार तीव्र, मुरूम थोडा, त्यामुळे पावसाचं बहुतेक पाणी वाहून जातं आणि उरलेलं चिरांमधून पाझरत काही महिन्यांत संपतं. याच तालुक्यातल्या माहुलीच्या किल्ल्यावर टाकी आहेत. शहाजीराजे १६३६ साली मुघल आणि आदिलशाही फौजांशी झुंजत शेवटी याच गडावर होते. त्यांच्या माणसांना जो दगड मिळाला, तोच आज पायथ्याच्या पाड्यांना मिळालेला आहे.

पुष्कळ गडांवरची टाकी आज गाळाने भरलेली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून तरुण मुलंमुली घमेली-फावडी घेऊन वर जातात, रांगेत उभी राहून गाळ उपसतात. आधी निघतात प्लास्टिकच्या बाटल्या, मग माती, मग तटावरून कोसळलेले दगड. दोन-तीन दिवसांनी भिंतीवर टाकीचे तिरपे घाव दिसू लागतात, त्याखाली उतरायच्या पायऱ्या. तळ मोकळा झाला की कधी कधी एका कोपऱ्यातला खडक ओला दिसतो. कोरड्या फडक्याने पुसला, तरी थोड्या वेळाने तिथे पुन्हा थेंब धरलेला असतो.